दार बंद केलं तरी शेजारचा आवाज येतोच कसा? वॉलेस सेबाइन यांची गोष्ट

एक प्रश्न. तुमच्या शेजारच्या घरात सध्या टीव्हीवर कोणती मालिका चालू आहे? हॉस्टेलमध्ये, पीजीमध्ये किंवा नवीन बिल्डिंगमधल्या फ्लॅटमध्ये राहत असाल, तर याचं उत्तर बहुतेक तुम्हाला ठाऊक असेल. मालिका न बघताच!

मग आपण काय करतो? फोन काढतो आणि 'साउंडप्रूफ फोम' सर्च करतो. काळ्या रंगाचे, अंड्यांच्या ट्रेसारखे दिसणारे चौकोन. रील्स आणि पॉडकास्टवाल्यांच्या मागे भिंतीवर लावलेले असतात तेच. वाटतं, हे भिंतीला चिकटवले की शांतता. पैसे भरण्याआधी थांबा. तो फोम त्याचं काम चांगलं करतो, पण ते काम शेजारचा आवाज अडवण्याचं नाही.

आवाज खोलीत जिरवणं आणि आवाज भिंतीपलीकडे जाऊ न देणं ही दोन पूर्णपणे वेगळी कामं आहेत. मी सॉफ्टवेअरवाला माणूस, बांधकामाशी माझा संबंध भाडं भरण्यापुरताच. पण ऑडिओ एडिटिंगच्या अ‍ॅपमध्ये 'रिव्हर्ब' नावाचा स्लायडर असतो ना, तो आला कुठून हे शोधताना मी एका माणसापर्यंत पोहोचलो. त्याने आधी पहिलं काम सोडवलं, मग दुसरं हातात घेतलं, आणि दुसऱ्या कामासाठी बांधलेली प्रयोगशाळा तयार झाली तेव्हाच तो गेला. त्याचं नाव वॉलेस क्लेमंट सेबाइन.

ओहायोचा मुलगा, हार्वर्डचे मास्तर

सेबाइन यांचा जन्म १३ जून १८६८ चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या रिचवूड या छोट्या गावातला. पोरगा हुशार. वयाच्या अठराव्या वर्षी ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीची पदवी हातात होती. तिथून थेट हार्वर्ड. तिथे एमए केलं आणि भौतिकशास्त्र शिकवायला लागले. गंमत म्हणजे त्यांनी पीएचडी कधी केलीच नाही. पेपरही फार लिहिले नाहीत. वर्गात मात्र त्यांचं शिकवणं मुलांना आवडायचं.

१८९५ साली हार्वर्डमध्ये फॉग आर्ट म्युझियमची नवी कोरी इमारत उभी राहिली. आत व्याख्यानासाठी मोठा हॉल. दिसायला देखणा, पण पहिल्याच व्याख्यानापासून बोंब. बोलणाऱ्याचं एकही वाक्य मागे नीट ऐकू जाईना. विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स इलियट यांनी हे काम सेबाइन यांच्याकडे सोपवलं. हॉल दुरुस्त करा म्हणाले. सेबाइन तेव्हा सत्तावीस वर्षांचे, भौतिकशास्त्र विभागात अगदी नवखे. आणि त्या काळी या विषयाला शास्त्र असं नव्हतंच. हॉलमध्ये तारा ओढा, घुमट काढा, अमुक मापं ठेवा असे नुसते सल्ले होते. मोजलं कुणीच नव्हतं.

साडेपाच सेकंदांचा शब्द

सेबाइन यांनी पहिलं काम केलं ते मोजण्याचं. एक साधी ऑर्गनची नळी घेतली, सेकंदाला ५१२ कंपनं करणारी. ती वाजवायची, बंद करायची आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत किती वेळ लागतो ते नोंदवायचं. तेव्हा ना चांगले माइक होते, ना डेसिबल हे एकक. मोजायला यंत्र होतं फक्त वेळेचं. आवाज संपला की नाही हे ठरवणारं यंत्र म्हणजे त्यांचा स्वतःचा कान.

रिकाम्या फॉग हॉलमध्ये आकडा आला ५.६२ सेकंद. म्हणजे बोलणाऱ्याने एक शब्द उच्चारला की तो साडेपाच सेकंद हॉलभर फिरत राहायचा. तेवढ्या वेळात माणूस आणखी दहा-पंधरा शब्द बोलून जातो. सगळे शब्द एकमेकांवर चढायचे आणि मागच्या रांगेत पोहोचायची नुसती खिचडी.

हार्वर्डमध्येच सँडर्स थिएटर नावाचा दुसरा हॉल होता, तिथे मात्र आवाज छान ऐकू यायचा. तिथल्या बाकांवर मऊ गाद्या होत्या. मग सेबाइन आणि त्यांचे सहकारी रात्री त्या गाद्या उचलून फॉग हॉलमध्ये आणायचे. थोड्या अंथरायच्या, मोजायचं. आणखी अंथरायच्या, पुन्हा मोजायचं. सकाळी सगळ्या गाद्या जागच्या जागी परत. रात्रच का? कारण दिवसा रस्त्यावर ट्रामचा खडखडाट. कानाने मोजायचं तर शहर झोपलेलं हवं.

ही कसरत एक-दोन रात्रींची नव्हती, काही वर्षं चालली. मध्येच त्यांच्या लक्षात आलं की, मोजणाऱ्या माणसाच्या अंगावर कोणते कपडे आहेत त्यानेही आकडा किंचित बदलतो. जाड कोट जास्त आवाज शोषतो. हे कळल्यावर त्यांनी काय केलं असेल? तोवर घेतलेली हजारो निरीक्षणं सरळ बाद केली आणि पुढे प्रत्येक प्रयोगाला तोच ठरलेला पोशाख घालायला सुरुवात केली. आमच्या धंद्यात टेस्टिंग करताना वातावरण सारखं ठेवा असं रोज सांगतात. पण त्यासाठी महिन्यांचा डेटा स्वतःच्या हाताने फेकून देणारे थोडेच.

उघडी खिडकी म्हणजे शंभर टक्के

गाद्यांमध्ये एक अडचण होती. जगात सगळीकडे सँडर्स थिएटरच्या गाद्या मिळणार नाहीत. मग शोषण मोजायचं कशात? सेबाइन यांनी भन्नाट एकक निवडलं: उघडी खिडकी. खिडकीवर पडलेला आवाज बाहेर जातो तो परत येत नाही. म्हणजे खोलीच्या दृष्टीने तो शंभर टक्के शोषला गेला. ठरावीक क्षेत्रफळाची उघडी खिडकी म्हणजे एक एकक. गालिचा, पडदा, प्लास्टर, लाकूड, बसलेला माणूस, प्रत्येकाची किंमत उघड्या खिडकीच्या हिशोबात काढता आली. पुढे याच एककाला त्यांच्या नावावरून 'सेबिन' म्हणायला लागले.

ही उघडी खिडकी लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

इकडे आकड्यांचे ढीग साठत होते आणि तिकडे इलियट यांना घाई झाली होती. त्यातच नवं काम पुढ्यात आलं. बॉस्टन सिम्फनी ऑर्केस्ट्राचे संस्थापक हेन्री ली हिगिन्सन यांना नवा संगीत हॉल बांधायचा होता आणि त्यासाठी सेबाइन यांचा सल्ला हवा होता. सेबाइन लगेच हो म्हणाले नाहीत. हातात डेटा होता, नियम नव्हता. अंदाजाने एवढा खर्चाचा हॉल कसा बांधायचा?

आणि मग २९ ऑक्टोबर १८९८ च्या संध्याकाळी, घरी वह्या चाळताना, त्यांना ते दिसलं. एका अक्षावर शोषण, दुसऱ्यावर आवाज विरायला लागणारा वेळ असा आलेख काढला की येतो हायपरबोला. दोन्हींचा गुणाकार कायम तेवढाच! आनंदाच्या भरात त्यांनी ही बातमी सगळ्यात आधी घरातच असलेल्या आईला सांगितली, असं त्यांच्या चरित्रात येतं.

आजच्या भाषेत तो नियम असा: खोलीचं घनफळ (घनमीटरमध्ये) गुणिले ०.१६१, भागिले खोलीतलं एकूण शोषण (चौरस मीटरमध्ये). उत्तर येतं सेकंदांत. खोली मोठी तर आवाज जास्त घुमणार, मऊ सामान जास्त तर कमी घुमणार. इतकं सोपं. आवाज मूळच्या दहा लाखाव्या भागावर यायला जो वेळ लागतो तोच हा आकडा, आणि तुमच्या अ‍ॅपमधला रिव्हर्बचा स्लायडरही तीच वेळ कमी-जास्त करतो.

हा नियम हातात आल्यावर सेबाइन यांनी हिगिन्सन यांना होकार कळवला. नमुना म्हणून जर्मनीतल्या लायप्झिगचा प्रसिद्ध हॉल डोळ्यांपुढे होता. पण बॉस्टनला त्याहून कितीतरी जास्त आसनं हवी होती. तोच नकाशा सगळ्या बाजूंनी सारख्या प्रमाणात वाढवला तर घनफळ बेसुमार वाढेल आणि संगीत चिखलासारखं ऐकू येईल, हे सेबाइन यांनी गणिताने दाखवलं. त्याऐवजी लांब, अरुंद आणि उंच, बुटांच्या खोक्यासारखा हॉल ठरला. आसनं सुमारे २६००. १५ ऑक्टोबर १९०० रोजी सिम्फनी हॉल उघडला. सुरुवातीला काही समीक्षकांनी नाकं मुरडली. आज जगातल्या उत्तम संगीत हॉलच्या यादीत त्याचं नाव हमखास असतं. आधी गणित करून मग बांधलेला हा पहिला हॉल. त्याच वर्षी सेबाइन यांचं लग्न झालं, पत्नी जेन केली या डॉक्टर होत्या.

आता भिंतीपलीकडे

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण सेबाइन यांच्याकडे वेगळ्याच तक्रारी यायला लागल्या. संगीतशाळेत एका खोलीतला रियाज शेजारच्या खोलीत ऐकू येतो. घरात शेजाऱ्याच्या पियानोचा त्रास होतो. यंत्रांची घरघर भिंतींतून फिरत येते. आणि लोकांना वाटायचं की, हॉलसाठी जे औषध तेच इथेही चालेल: भिंतीला मऊ काहीतरी लावा.

आता ती उघडी खिडकी आठवा. आवाज जिरवण्यात तिला पैकीच्या पैकी गुण. खोलीत एक थेंबही परत येत नाही. पण तोच आवाज रस्त्यावर उभ्या माणसाला विचारा! त्याला सगळं स्वच्छ ऐकू येतंय. म्हणजे जी वस्तू आवाज शोषण्यात पहिली, तीच आवाज अडवण्यात शेवटची. आपल्या फोमचंही असंच. तो तुमच्या खोलीतला घुमणारा आवाज कमी करतो, म्हणून रेकॉर्डिंग छान येतं. पण तो हलका आणि सच्छिद्र असतो. तोंडाजवळ धरून फुंकर मारून बघा. ज्यातून फुंकर आरपार जाते त्यातून आवाजही जातो.

मग आवाज अडतो कशाने? सेबाइन यांनी पुन्हा तेच केलं, मोजलं. हार्वर्डच्या प्रयोगशाळेत एका खोलीच्या दारात वेगवेगळे थर बसवायचे, आत आवाज करायचा आणि पलीकडे कान लावून बसायचं. कधी नमद्याचा (म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या जाड चादरीचा) एक थर, मग दोन, मग आणखी. कधी लोखंडी पत्रा. कधी पत्रा, हवेची पोकळी, नमदा, परत पत्रा. १९१५ मध्ये त्यांनी हे बांधकाम व्यावसायिकांच्या मासिकात मांडलं. नुसत्या मऊ थरांनी फरक पडतो, पण मर्यादित. जड पत्रा, मऊ थर आणि हवेची पोकळी असं आलटून पालटून लावलं की आवाज फार जास्त अडतो.

का, ते समजून घेऊ. आवाज म्हणजे हवेतले बारीक धक्के. ते भिंतीवर आदळतात तेव्हा भिंत अगदी सूक्ष्म हलते, तबल्याच्या पुडीसारखी. तिच्या हलण्याने पलीकडची हवा हलते आणि तिकडे नवा आवाज तयार होतो. म्हणजे शेजारचा टीव्ही भिंतीतून 'गळत' नाही, तुमची भिंतच स्पीकर होते. भिंत जितकी जड तितकी ती कमी हलते. ढोबळ नियम असा की, वजन दुप्पट केलं की सुमारे ६ डेसिबलचा फायदा. साडेचार इंची विटांची भिंत नऊ इंची केली तरी फायदा एवढाच. म्हणून नुसती जाडी वाढवत राहणं महाग पडतं. दोन वेगळे थर आणि मध्ये पोकळी ठेवली तर एका थराचं हलणं दुसऱ्याला सहज पोहोचत नाही. पोकळीतलं मऊ भरण तिथे घुमणारा आवाज जिरवतं. मऊ वस्तूची जागा इथे आहे, दोन जड थरांच्या मध्ये.

आणखी एक. संथ कंपनांचा, म्हणजे जाड आवाज अडवणं सगळ्यात अवघड. हलणारी वस्तू जितकी सावकाश ढकलली जाते तितका तिचा जडपणा कमी आड येतो. म्हणून मिरवणुकीतल्या डीजेच्या गाण्याचे शब्द घरात येत नाहीत, पण 'धुम धुम' छातीपर्यंत येते.

फटीचं गणित

आता दाराकडे येऊ, कारण घरातली सगळ्यात कच्ची जागा तीच. एक हिशोब मी करून बघितला, तुम्हीही करा. दार दोन मीटर उंच आणि ९० सेंटीमीटर रुंद, म्हणजे १८,००० चौरस सेंटीमीटर. खाली एक सेंटीमीटर फट, म्हणजे ९० चौरस सेंटीमीटर. प्रमाण झालं दोनशेला एक. समजा, दार इतकं भारी आहे की त्यातून काहीच जात नाही. तरी फटीतून दोनशेवा भाग जाणारच. डेसिबलमध्ये हे सुमारे २३. पलीकडे टीव्ही ७० डेसिबलने चालू असेल तर तुमच्याकडे ४७ डेसिबल. रात्रीच्या शांततेत हे व्यवस्थित ऐकू येतं.

आता तीच फट विटांच्या भिंतीशी ताडून बघा. प्लास्टर केलेली नऊ इंची भिंत साधारण ५० डेसिबल अडवते, म्हणजे आवाजाचा एक लाखावा भागच पलीकडे सोडते. म्हणजे दाराखालच्या त्या ९० चौरस सेंटीमीटर फटीतून जेवढा आवाज जातो, तेवढा जायला अशी ९०० चौरस मीटर भिंत लागेल! हिशोब ढोबळ आहे, पण मुद्दा कळतो. हजारोंचं दार घेऊन फट तशीच ठेवणं म्हणजे मजबूत पासवर्ड ठेवून तो चिकटपट्टीवर लिहून स्क्रीनला लावणं.

आपल्या जुन्या घरांच्या दारांना उंबरठा असायचा. 'चौकट' या शब्दातच चार बाजू आहेत. फ्लॅटमधल्या आतल्या दारांची चौकट आता तीन बाजूंची झाली, चौथ्या बाजूला फट राहिली. वर दार बहुतेक वेळा हलकं. बोटाने टकटक करा, पोकळ आवाज आला तर आतून ते पोकळच आहे.

आवाजाला दार आणि भिंत एवढेच रस्ते नसतात, हेही सेबाइन यांनी बांधकामवाल्यांपुढे मांडलं. हवा खेळवायचे मार्ग आणि इमारतीचा सांगाडा या दोन्हींतून तो लांब जातो. वरच्या मजल्यावर खुर्ची ओढली की आपल्या डोक्यावर गडगडतं ते यामुळेच. तिथे धक्का हवेला नाही, थेट स्लॅबला बसतो. अशा आवाजाला उगमाशीच गाठावं लागतं. खुर्चीच्या पायांना रबरी बूच, मिक्सरखाली जाड रबरी मॅट.

रिव्हरबँकची खोली

सेबाइन यांना हे सगळं नीट, एकेक भिंत आणि एकेक दार घेऊन मोजायचं होतं. पण विद्यापीठाच्या गजबजलेल्या इमारतीत ते जमणं कठीण. मदत आली अगदी अनपेक्षित ठिकाणाहून. इलिनॉय राज्यातल्या जिनिव्हा गावात जॉर्ज फेबियन नावाचे एक धनाढ्य गृहस्थ राहायचे. त्यांच्या रिव्हरबँक इस्टेटवर नाना उद्योग चालायचे. त्यांतला एक म्हणजे शेक्सपिअरच्या पुस्तकांत फ्रान्सिस बेकनने गुप्त संदेश लपवलेत हे सिद्ध करणं. त्यातून फेबियन यांना आवाजाच्या जोरावर वस्तू अधांतरी उचलणाऱ्या यंत्राची कल्पना मिळाली आणि त्याबद्दल विचारायला त्यांनी सेबाइन यांना गाठलं. ते यंत्र काही उडालं नाही. पण ओळख झाली, आणि फेबियन यांनी सेबाइन यांच्यासाठी ध्वनीची स्वतंत्र प्रयोगशाळाच बांधायला घेतली. तिची मुख्य खोली जाड भिंतींची, स्वतःच्या वेगळ्या पायावर उभी, बाकी इमारतीला न टेकणारी. म्हणजे बाहेरचा आवाज सांगाड्यातून आत शिरायला रस्ताच नाही.

तोवर पहिलं महायुद्ध पेटलं होतं. सेबाइन युरोपात गेले, पॅरिसच्या सोर्बनमध्ये व्याख्यानं दिली, युद्धाशी संबंधित कामात उतरले. परत आल्यावर हार्वर्डचं शिकवणं आणि वॉशिंग्टनमध्ये विमान विभागाचं तांत्रिक काम, दोन्ही एकाच वेळी. तब्येत साथ देत नव्हती, तरी काम सुटलं नाही. १९१८ मध्ये रिव्हरबँकची प्रयोगशाळा उभी राहिली. १० जानेवारी १९१९ ला, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, सेबाइन गेले. ज्या खोलीत बसून भिंतींचे आकडे काढायचे होते, तिथे त्यांचं काम सुरूच झालं नाही.

पुढे ते काम त्यांचेच लांबचे नातलग पॉल सेबाइन यांनी उचललं. वर्षानुवर्षं ते तिथे भिंती, दारं, छतं मोजत राहिले. ती प्रयोगशाळा आजही चालू आहे, आणि दारं-भिंतींच्या आवाजाच्या चाचण्या तिथे आजही होतात.

तुमच्या खोलीसाठी

मला सेबाइन यांच्यात आवडतं ते हे की, दुसरा प्रश्न समोर आल्यावर त्यांनी पहिल्याचं उत्तर तिथे चिकटवलं नाही. ज्या शोषणाच्या नियमाने नाव झालं, तो भिंतीपलीकडच्या आवाजाला पुरणार नाही हे ओळखून ते पुन्हा शून्यापासून मोजायला बसले.

तुम्हीही मोजू शकता. एका फोनवर गाणं लावा आणि तो खोलीबाहेर ठेवा. दुसऱ्या फोनमध्ये साउंड मीटरचं कुठलंही मोफत अ‍ॅप टाका आणि आत बसा. फोनचा आकडा प्रयोगशाळेइतका अचूक नसतो, पण दोन आकड्यांमधला फरक बघायला पुरतो. आधी दार उघडं ठेवून आकडा लिहा. मग दार बंद करून. मग दाराखाली जुना टॉवेल घट्ट गुंडाळून. प्रत्येक वेळी गाण्याचा तोच भाग, फोनची तीच जागा आणि तोच व्हॉल्यूम.

टॉवेलने फरक पडला, तर फोमऐवजी दाराच्या तळाला लावायची रबरी पट्टी आणा आणि चौकटीच्या बाजूंनाही पट्टी मारा. फरक पडलाच नाही, तर आवाज दारातून किंवा भिंतीतून येतोय आणि तिथे वजनच लागेल. फोम घ्यायचाच असेल तर जरूर घ्या, पण रेकॉर्डिंगसाठी. शेजारच्या मालिकेसाठी नाही.